ओल आणि वारा : साठवणीचे प्रश्न, वाचकांसाठी उत्तरे

उन्हाळ्याची साठवण घरात येऊन पडली आहे आणि पाऊस तोंडावर आहे. त्यामुळे या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: घेतलेला माल टिकवायचा कसा? त्यात काय घालावं, असं बहुतेकांनी विचारलं आहे. आमची उत्तरं मात्र बऱ्याच ठिकाणी ओल कशी काढावी आणि वारा कसा खेळवावा याकडेच वळतील. खराब झालेल्या मालाचं कारण शोधायला गेलं की दहातल्या सात-आठ वेळा तिथेच पोचायला होतं.

मे महिन्यात ५० किलो उन्हाळ कांदा घेतला. फ्लॅटमध्ये गॅलरीत गोणीतच ठेवला होता. जुलैत उघडला तर खालचा भाग सडलेला, वरच्याला काजळी. दर वर्षी असंच होतं. चूक कुठे होते?
— एक वाचक, सिडको

पहिली चूक गोणीत ठेवण्याची. कांदा काढल्यावरही श्वास घेत राहतो आणि ओल सोडतो. गोणीच्या मध्यभागी ती ओल अडकते, खालच्या कांद्यांवर वरचा भार येतो, एक कांदा दबून फुटला की त्याचा रस शेजारच्याला लागतो. शेतकऱ्याची कांदाचाळ पाहिली तर तिचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, बाजू फटींच्या असतात आणि ढीग चार-पाच फुटांपलीकडे चढवत नाहीत. इतकं करूनही चार-पाच महिन्यांत माल बराच घटतो. फ्लॅटमध्ये तेच तत्त्व लहान प्रमाणात पाळायचं.

त्याआधी खरेदी. साठवायचा असेल तर उन्हाळ कांदाच घ्या, तोही एप्रिलअखेर ते मे या काळात. पोळ किंवा रांगडा, म्हणजे उन्हाळ कांद्याच्या आधी बाजारात येणारा लाल कांदा, कितीही स्वस्त मिळाला तरी तो दोन-तीन आठवड्यांत खाऊन संपवायचा माल आहे. त्याला पाणी जास्त आणि पापुद्रा पातळ. उन्हाळ कांद्यातही मान बघा. मान चिमटीत धरली की कागदासारखी कोरडी आणि बारीक लागली पाहिजे. मान जाड, हिरवट, दाबली की मऊ लागत असेल तर तो कांदा तिथूनच सडणार. डेंगळे, म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे, आणि जोड कांदे साठवणीत नकोत. फार मोठाही नको; मध्यम आकार सगळ्यांत जास्त टिकतो. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, स्वस्त मिळते आणि टिकतेही, फक्त सोलायचं काम वाढतं.

घरी आणल्यावर गोणी ओतून तीन वाटे करा. मार लागलेले, चिरलेले किंवा पापुद्रा गेलेले कांदे लगेच स्वयंपाकाला. मान जरा ओलसर वाटते ते सावलीत वाऱ्यावर चार-पाच दिवस एकाच थरात पसरायचे आणि मग पुन्हा तपासायचे. उरलेले साठवणीला. थेट कडक उन्हात टाकू नका, वरचे पापुद्रे भाजतात आणि तिथे मऊ डाग पडतात.

साठवायला टोमॅटोचे जुने प्लॅस्टिक क्रेट हा आपल्याकडचा सगळ्यांत स्वस्त उपाय. नाशिकच्या भाजीबाजारात वापरलेले क्रेट सहज मिळतात. वीस किलोच्या क्रेटमध्ये बारा-तेरा किलोच कांदा भरा, म्हणजे ५० किलोला चार क्रेट लागतील. खाली दोन विटा ठेवून क्रेट जमिनीपासून उचला, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आणि एकावर एक रचले तर मध्ये पट्ट्या किंवा विटा घालून फट सोडा. गॅलरीला पावसासाठी प्लॅस्टिकचा पडदा लावत असाल तर क्रेट तिथून हलवा. पडद्याआड दमट हवा कोंडते आणि काजळी तिथेच वाढते. गॅसच्या वरचा माळाही नको, तिथे रोजची वाफ जाते.

दर आठ-दहा दिवसांनी हात फिरवा. हे काम टाळलं की बाकी सगळं वाया जातं. वास आला की सडका कांदा शोधा, त्याला चिकटलेले कांदेही काढून पुसा आणि आधी वापरा. काजळी, म्हणजे पापुद्र्याखालची काळी भुकटी, ही बुरशी असते. ती फक्त बाहेरच्या सालीवर असेल तर ती साल आणि तिच्याखालचा एक पदर काढून, धुऊन कांदा वापरता येतो. आतल्या पदरांत उतरली असेल तर फेका. कोंब आलेला कांदा खायला हरकत नाही, पण तो आतून पोकळ होत जातो म्हणून लगेच संपवा.

फ्रिजमध्ये कांदा ठेवू नका. तिथला ओलसर, मध्यम गारवा त्याला कोंब आणायला पुरेसा असतो आणि साल ओली होते. बटाटेही त्याच टोपलीत नकोत. बटाट्याला अंधार लागतो, नाहीतर तो हिरवा पडतो. कांद्याला उघडा वारा लागतो. दोघांची सोय एका जागी होत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची पेटी स्वस्त पडते म्हणून घेतो. धुऊन फ्रिजमध्ये ठेवली तरी चार दिवसांत मणी गळतात, देठाशी बुरशी येते. आणि मण्यांवरची पांढरी पावडर औषधाची असते का?
— एक वाचक, म्हसरूळ

धुऊन ठेवता, तिथेच बिघडतं. मण्यावरची एकसारखी पांढरट झाक ही द्राक्षाच्या सालीची स्वतःची मेणचट लव असते. ती पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बुरशीला चटकन आत शिरू देत नाही. धुताना ती जाते आणि घडाच्या आतल्या बाजूला पाणी अडकून राहतं. ठिपक्या-ठिपक्यांनी किंवा ओघळासारखं साचलेलं दिसलं तर तो फवारणीचा अंश असू शकतो. म्हणून खायच्या आधी वाहत्या पाण्याखाली, घड हलक्या हाताने उलटसुलट करत धुवायचाच. फक्त साठवायच्या आधी नाही.

पेटी आणली की घड एकेक काढून बघा. फुटलेले, मऊ पडलेले मणी कात्रीने देठासकट कापा. ओढून काढू नका. मणी ओढला की देठाशी भोक पडतं, रस पाझरतो आणि बुरशी नेमकी तिथून सुरू होते. मग पसरट डब्यात सुती कापड घालून दोनच थरांत घड ठेवा, वर दुसरं कापड, झाकण सैल. फ्रिजच्या खालच्या फळीवर मागच्या बाजूला, जिथे सगळ्यांत गार असतं, तिथे डबा ठेवा. अशी द्राक्षं दहा-बारा दिवस चांगली राहतात. घेताना काडी बघायची सवय ठेवा: काडी हिरवी असेल तर माल ताजा, तपकिरी वाळलेली असेल तर तो आधीच बरेच दिवस काढून बसला आहे.

निर्यातीच्या पेटीत कधीकधी कागदासारखा पॅड निघतो, त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. ओलीत त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि बुरशी रोखतो. पेटी उघडल्यावर तो टाकून द्या. घरच्या डब्यात पुन्हा वापरू नका आणि घरात दमेकरी असेल तर पेटी गॅलरीत उघडा.

लूज मणी फारच स्वस्त मिळतात. ते धुऊन, कापडावर पूर्ण कोरडे करून, ताटात एका थरात फ्रीझरमध्ये तीन-चार तास ठेवा आणि मग डब्यात भरा. आधी सुटे गोठवले की एकमेकांना चिकटत नाहीत. सरबताला लागतील तेवढे काढता येतात. बेदाणा करायचा असेल तर हिशेब लक्षात ठेवा: चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. सालीवरचं मेण आतलं पाणी अडवतं, म्हणून मणी उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, सालीला बारीक चिरा दिसेपर्यंतच बुडवा, लगेच गार पाण्यात काढा आणि जाळीवर एका थरात वाळवा. मार्चच्या उन्हात पाच-सहा दिवस लागतात. रंग तपकिरी येतो. बाजारातला हिरवा बेदाणा सावलीत वाळवलेला असतो, त्याला वेळ जास्त लागतो. मुठीत दाबून सोडल्यावर मणी सुटे झाले की भरायला तयार. चिकट गोळा राहिला तर अजून ओल आहे.

कोथिंबिरीची जुडी पाच रुपयांना मिळते तेव्हा चार घेतो, तीन फेकतो.
— एक वाचक, नाशिकरोड

न धुता ठेवा. जुडीची दोरी सोडा, पिवळी आणि चेंगरलेली पानं काढा, मुळं कापा. डब्याच्या तळाशी कोरडं सुती कापड, त्यावर कोथिंबीर सैल, दाबून नाही, वर पुन्हा कापड. दर तीन दिवसांनी कापड हाताला ओलं लागलं तर बदला. पंधरा दिवस सहज जातात. जुडी भिजवून विकलेली असेल तर आधी पंख्याखाली अर्धा तास पसरा.

वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय सोडून द्या. छपाईची शाई खाण्याच्या वस्तूला लागते आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं सांगितलं आहे. जुन्या धोतराचे, मलमलीचे तुकडे त्याहून चांगले काम देतात आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. केळी, पिकलेले टोमॅटो आणि आंबे यांच्याजवळ पालेभाजी ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्याने पानं पिवळी पडतात.

मेथी उरली तर पानं खुडून सावलीत वाळवा. उन्हात वाळवलेली मेथी काळपट होते आणि वास उडतो.

बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं. गिरणीत काही चूक होते का?
— एक वाचक, सिन्नर

गिरणीची चूक नाही. बाजरीत इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त, सुमारे पाच टक्के. दाणा अख्खा असतो तोवर तो सुरक्षित राहतो. दळला की त्याला हवा लागते, बाजरीतलेच पाचक घटक त्यावर काम करू लागतात आणि पीठ खवट, कडू होतं. चार-पाच दिवसांपुरतंच दळून आणा. दळून आल्यावर पीठ गरम असतं. परातीत पसरून गार होऊ द्या आणि मगच डबा बंद करा. जास्त दळलंच असेल तर फ्रीझरमध्ये ठेवा. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ याच्या दुप्पट-तिप्पट टिकतं आणि अख्खी नागली तर वर्षानुवर्षं कीड न लागता राहते. सुरगाणा, पेठ भागात तिचा साठा धरून ठेवतात तो यामुळेच.

वर्षाचा गहू आणि तूरडाळ भरायची आहे. दुकानदार पारद टिकडी देतो, शेजारी सेल्फॉसची गोळी ठेवा म्हणतात, तांदळाला बोरिक पावडर लावतात. यातलं काय बरोबर?
— एक वाचक, सातपूर

तिन्ही नको. सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो. ते बंद गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायचं औषध आहे. राहत्या घरात, बंद खोलीत त्याने माणसं दगावली आहेत. कोणी कितीही खात्री दिली तरी घरात आणू नका. पाऱ्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टिकड्या धान्यात फुटतात, दळणात जातात आणि पारा शरीरात साठत राहतो. बोरिक पावडर खाण्याच्या वस्तूत घालायला आपल्याकडे परवानगी नाही, आणि तांदूळ धुतला तरी ती पूर्ण जाते असं धरून चालता येत नाही.

गव्हाला मुख्य काम उन्हाचं. मेमध्ये दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पातळ पसरून, दिवसातून तीन-चारदा हात फिरवून. दाणा दाताखाली धरला की ‘कट्’ आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. संध्याकाळी उचलला की लगेच कोठीत भरू नका. गरम गहू बंद पत्र्याच्या कोठीत गेला की रात्री झाकणाखाली घाम धरतो, आणि बुरशी वरच्या थरात तिथूनच लागते. रात्रभर घरात पसरून गार करा आणि सकाळी दमट हवा धरायच्या आत भरा. कोठी काठोकाठ भरा. रिकामी जागा कमी म्हणजे किड्याला हवा कमी. रोजच्या वापरासाठी पंधरा दिवसांचा गहू वेगळा काढा, म्हणजे मोठी कोठी सारखी उघडावी लागत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवलेलाच. ओला पाला घातला तर त्याचीच ओल गव्हाला लागते. आणि पाल्याकडून फार अपेक्षा ठेवू नका: तो किड्याला दूर ठेवायला थोडी मदत करतो, दाण्याच्या आत घातलेली अंडी मारत नाही.

तूरडाळ आणि कडधान्याला एरंडेल. एक किलोला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पुरे. हाताला लावून डाळ चोळा, प्रत्येक दाण्याला नुसती चकाकी यावी. तेलामुळे भुंग्याची अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत आणि त्यांचा श्वास कोंडतो. जास्त तेल घातलं तर डाळ गुठळ्या धरते आणि वास राहतो. शिजवायच्या आधी कोमट पाण्याने दोनदा धुवा.

सोंडे आधीच झाले असतील तर चाळून घ्या आणि भर दुपारी काळ्या प्लॅस्टिकवर दोन सेंटिमीटरचा थर पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिक घाला, कडा दाबा. आतलं तापमान पन्नास अंशांपलीकडे गेलं की दाण्यातल्या अळ्याही मरतात. चार-पाच तास पुरतात. बियाण्यासाठी ठेवलेल्या धान्याला हा उपाय करू नका, उगवणीवर परिणाम होऊ शकतो. रवा आणि मैदा आणल्यावर सीलबंद पिशवीतच चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. पिठात आलेली पोरकिड्यांची अंडी त्यात मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

जुन्या सामानात चिनी मातीच्या मोठ्या बरण्या अर्ध्या किमतीत मिळाल्या. लोणच्याला वापराव्यात का? मागच्या वर्षी काचेच्या बरणीतल्या कैरीच्या लोणच्यावर पांढरी बुरशी आली होती.
— एक वाचक, पंचवटी

बुधवारच्या बाजारात किंवा जुन्या घरांच्या सामानात अशा बरण्या निघतात आणि चांगली बरणी मिळाली तर सोडू नये. पण तपासून. बोटाच्या पेराने टिचकी मारा: ‘टण्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. ‘बद्’ आवाज आला तर तडा आहे, दिसो वा न दिसो. मग बरणी पाण्याने भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी बाहेरून दमट लागली किंवा कागद ओला झाला तर ती धान्याला वापरा, लोणच्याला नाही. आतला लुकण, म्हणजे चकचकीत लेप, पांढरा किंवा फिका, गुळगुळीत, अखंड हवा. आतून रंगीत असेल, खडूसारखा खरखरीत लागत असेल किंवा केसासारख्या रेघांचं जाळं दिसत असेल तर आंबट-खारट काहीही भरू नका. जुन्या रंगीत लुकणात शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं.

वास असेल तर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा. उकळतं पाणी ओतू नका, बरणी तडकते. धुऊन दोन दिवस ऊन द्या. भरायच्या आधी निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरीवर बरणी पालथी धरायची जुनी पद्धत चांगलीच आहे, आतली उरलीसुरली ओल त्या कोरड्या उष्णतेने निघून जाते.

बुरशीचं म्हणाल तर तीन जागा तपासा. पहिली, कैऱ्या. त्या अख्ख्या धुऊन, पुसून, दोन तास वाळवून मगच चिरायच्या. चिरल्यावर पाणी लागता कामा नये. दुसरी, मीठ. एक किलो फोडींना १८० ते २०० ग्रॅम लागतंच. कमी मिठाचं लोणचं हवं असेल तर ते थोडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, बरणीत वर्षभर राहणार नाही. तिसरी, तेल. धूर निघेपर्यंत तापवून पूर्ण गार केलेलं तेल फोडींच्या वर बोटभर हवं. पहिले आठ दिवस फोडी तेल पितात आणि वर डोकं काढतात. तेव्हा पुन्हा बघून तेल घाला. हे दुसऱ्यांदा बघायचं राहून जातं आणि उघड्या फोडीवर पांढरं धरतं. बुरशी आलेलं लोणचं वरचा थर काढून खाऊ नका, टाकून द्या.

उन्हाळ्यात वीज जाते, फ्रिजही लहान आहे. भाजीसाठी मातीच्या दोन कुंड्यांचा फ्रिज करतात असं ऐकलं. खरंच चालतो?
— एक वाचक, ओझर

मार्च ते मे चांगला चालतो, पावसाळ्यात नाही. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि ते उडायला हवा कोरडी लागते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा भरपूर कोरडी असते, तेव्हा आतलं तापमान बाहेरपेक्षा आठ-दहा अंशांनी उतरतं. जुलैत काहीच फरक पडत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर विटा आणि वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. शेतावर जागा असेल तर तो करा, फ्लॅटला कुंड्या पुरतात.

बिनरंगाच्या, बिनलुकणाच्या दोन कुंड्या घ्या: एक साधारण ४० सेंटिमीटर तोंडाची, दुसरी ३० सेंटिमीटरची. दोन्हींच्या तळाची भोकं सिमेंटने बंद करा आणि दोन दिवस वाळू द्या. मोठीत पाच सेंटिमीटर चाळून धुतलेली वाळू घाला, त्यावर लहान कुंडी ठेवा, मधली फट वाळूने काठाच्या दोन बोटं खालपर्यंत भरा. सकाळ-संध्याकाळ वाळूत पाणी ओता, निथळून वर येईल इतकं नाही. तोंडावर ओलं गोणपाट. तिवईवर, सावलीत, वारा येईल अशा जागी ठेवा. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं तर पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही. गवार, भेंडी, दोडका, लिंबं, टोमॅटो तीन-चार दिवस जास्त टिकतात. दूध, शिजवलेलं अन्न, भिजवलेलं पीठ यात ठेवू नका, तितकं गार हे होत नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर महिन्या-दीड महिन्यात बाहेरून पांढरे क्षार धरतात आणि मातीची छिद्रं बुजतात. ब्रशने घासून, दिवसभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा.

फ्रिज चालू असूनही भाजीच्या ट्रेमध्ये पाणी साचतं, दूध दोन दिवसांत फाटतं. मेकॅनिकला बोलवावं का?
— एक वाचक, इंदिरानगर

आधी दोन गोष्टी घरीच बघा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथून गार हवा बाहेर जाते. चारही बाजूंना असं बघा. रबर साबणाच्या पाण्याने घड्यांच्या आतपर्यंत पुसा, मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं धरून ठेवा. ताठ झालेलं रबर पुष्कळदा त्याने पुन्हा बसतं. दुसरं, मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी जायचं लहान भोक असतं. ते कोथिंबिरीच्या पानांनी बुजलं की पाणी ट्रेखाली उतरतं. फ्रिज बंद करून त्यात लवचीक स्ट्रॉ फिरवा आणि कोमट पाणी सोडा.

एवढं झाल्यावर पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी चार-पाच अंश दाखवत असेल तर फ्रिज ठीक आहे आणि दुधाची जागा चुकते आहे: दारातल्या कप्प्यात ठेवत असाल तर आत मागे सरकवा, दार सगळ्यांत जास्त तापतं. आठ-नऊ अंश दाखवलं, तर मेकॅनिकला बोलवा.